नावेंत पाहिलेलें, खोलींत रंगविलेलें

चित्रकलेविषयीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं दोन समजुती इतक्या दृढमूल झाल्या आहेत कीं, त्यांबद्दल शंका घेणारा मनुष्य मागासलेला ठरावा. पहिली समजूत अशी कीं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं फ्रेंच चित्रकार आपल्या खोल्यांबाहेर पडले, तोंपर्यंत युरोपांत उघड्यावर जाऊन सृष्टीकडे कोणी पाहिलेंच नव्हतें; आणि हें सीमोल्लंघन शक्य झालें तें १८४१ सालीं जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानें तैलरंग भरून ठेवण्याची कथलाची नळी शोधून काढली म्हणून. दुसरी समजूत या पहिलीच्याच पोटीं जन्मलेली आहे. जें चित्र स्थळावर बसून तेथल्या तेथें पुरें केलें तेवढेंच खरें. घरीं नेऊन ज्यावर पुन्हां कुंचला फिरविला तें कृत्रिम, म्हणून कमी प्रतीचें, असें तिचें स्वरूप आहे. प्रदर्शनांतील भाषणें ऐकावीं, निसर्गचित्रणाच्या स्पर्धांचे निकाल पाहावे, दिवाणखान्यांतील गप्पा ऐकाव्या. हीं दोन सूत्रें सिद्धान्तासारखीं उच्चारलेलीं आढळतात.

आमच्या मतें यांपैकीं पहिलें सूत्र इतिहासाला सोडून आहे आणि दुसरें कलेला घातक आहे. केवळ इतिहासाचा विपर्यास असता तर तो दूर करण्यासाठीं आम्हीं लेखणी उचलली नसती. तें काम कोशकारांचें आहे. परंतु या विपर्यस्त इतिहासावर एक विपर्यस्त कलाशास्त्र उभें राहिलें आहे, आणि त्या शास्त्राप्रमाणें आमचीं मुलें चित्र काढावयास शिकत आहेत व आम्ही वडील माणसें चित्र पाहावयास शिकत आहों. तेव्हां या दोन्ही सूत्रांविरुद्ध आम्ही एक साक्षीदार उभा करितों. तो त्या फ्रेंच मंडळींच्या दोनशें वर्षें आधींचा आहे. तो उघड्यावर मनसोक्त हिंडला, पाण्यावरून त्यानें आपला देश पाहिला, आणि रंगविण्यासाठीं मात्र तो आपल्या खोलींत परत आला. त्याचें नांव यान व्हान गोयेन.

व्हान गोयेन हा डच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत टोपीकरांचीं जीं नांवें येतात त्यांतील वलंदेज ते हेच. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती. आमच्या जुन्या कागदांतून हा वलंदेज व्यापारी आणि दर्यावर्दी म्हणूनच भेटतो. त्याच वेळीं त्याच्या मायदेशीं सामान्य गृहस्थांच्या घरोघर चित्रें टांगलीं जात होतीं, हें त्या कागदांस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. व्हान गोयेन १५९६ सालीं लायडन येथें जन्मला, हार्लेम येथें एसायास व्हान डे वेल्डे याच्या हाताखालीं शिकला, १६३२ च्या सुमारास हेग शहरीं येऊन राहिला आणि १६५६ सालीं तेथेंच वारला. त्याच्या मृत्यूच्या वर्षीं इकडे शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली, इतकें सांगितलें म्हणजे काळ ध्यानीं येईल.

ज्या देशांत तो हिंडला त्याची घडण लक्षांत घेतल्यावांचून त्याचें चित्र कळावयाचें नाहीं. हा देश पाण्याशीं झगडून मिळविलेला आहे. बांध घालावे, पवनचक्क्यांनीं पाणी उपसावें आणि वर आलेल्या चिखलांत कुरणें करावीं, हा तेथील लोकांचा पिढीजात उद्योग. रस्ते वाईट, कालवे चांगले. म्हणून प्रवास पाण्यावरून. १६३२ पासून आम्स्टरडॅम व हार्लेम यांच्यामध्यें घोड्यानें ओढलेल्या प्रवासी नावा ठरल्या वेळीं सुटूं लागल्या, आणि पुढील तीन-चार दशकांत अशा नावांचें जाळें शहरोशहरीं पसरलें. डोंगर नाहीं, त्यामुळें उंचावरून पाहणें नाहीं. नावेंत बसलेल्या माणसाची दृष्टि पाण्याच्या पातळीहून फार वर नसते. त्याला भूमि एका रेषेएवढी दिसते आणि उरलेलें सगळें आकाश. व्हान गोयेनच्या चित्रांत क्षितिज इतकें खालीं कां आणि दोन-तृतीयांश फळी ढगांनीं कां व्यापलेली, या प्रश्नाचें निदान अर्धें उत्तर येथें आहे.

या चित्रकाराचीं आठशेंहून अधिक रेखाचित्रें आज शिल्लक आहेत आणि त्यांत प्रवासांत भरलेल्या वह्यांतील पानें पुष्कळ आहेत. १६५०-५१ मध्यें केलेल्या प्रवासाची वही विशेष प्रसिद्ध आहे. सरंजाम म्हणाल तर काळा खडू आणि हातांत मावेल एवढी वही. पुढें सवडीनें त्यावर पातळ करड्या रंगाचा एखादा हात. तरीवर चढविलेलीं गुरें, धक्क्यास लागलेली होडी, जाळें ओढणारे कोळी, कलतें कुंपण, दूरवर चर्चचा मनोरा, असें जें जें दिसलें तें चार रेघांत टिपलें आणि पान उलटलें. डोर्ड्रेख्ट, आर्नहेम, नायमेगेन हीं नदीकांठचीं शहरें त्यानें अनेकदां अशा बाजूनें दाखविलीं आहेत कीं, पाहणाराच्या पायांखालीं पाणीच यावें. तेव्हां उघड्यावर जाऊन पाहणें हा फ्रेंचांचा शोध, असें म्हणणाऱ्यांनीं या वह्यांची पानें एकदां चाळावीं. आणि पत्र्याच्या नळीचें माहात्म्य गाणाऱ्यांनीं एवढाच विचार करावा कीं, खडूला नळी लागत नाहीं.

आतां तो रंगवीत कसा असे तें पाहूं. ओकची पातळ फळी. तिच्यावर इतका विरळ लेप कीं, लांकडाच्या रेषा खालून दिसाव्या. तपकिरी, करडा, पिवळसर, थोडा पांढरा, थोडा काळा, क्वचित् हिरव्यानिळ्याची झांक, एवढेच रंग. पहिला थर ओला आहे तोंच दुसरा, आणि हात असा चपळ कीं, होडींतला माणूस तीन फटकाऱ्यांत उभा राहतो. सोळाशें तीस व चाळीसच्या दशकांत त्याचीं चित्रें जवळजवळ एकरंगी आहेत. आणि तरी त्यांत ओल आहे, अंतर आहे, पाऊस येऊन गेल्यानंतरचा मंद उजेड आहे. हें सर्व नावेंत घडलेलें नाहीं, खोलींत घडलेलें आहे. हेगच्या नगरसभेसाठीं १६५१ सालीं साडेसहाशें गिल्डर घेऊन त्यानें त्या शहराचें जें दृश्य रंगविलें तें चार मीटरांहून अधिक रुंद आहे. तें घेऊन बसण्याजोगी होडी आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक असल्यास त्यांनीं आम्हांस अवश्य कळवावें.

येथें आमचे प्रतिपक्षी म्हणतील: 'तर मग आमचेंच म्हणणें सिद्ध झालें. खोलींत केलेलें चित्र खोटें असतें, आणि तुमच्या व्हान गोयेनचें खोटेपण तर उघड आहे.' हा आक्षेप निराधार नाहीं, हें आम्ही जाणतों. युट्रेख्टजवळची पेलेकुसन नांवाची वेस त्यानें अनेक चित्रांत घातली, आणि दर वेळीं तिचा परिसर निराळा! एका गांवचा मनोरा दुसऱ्या गांवच्या नदीवर, खरा बुरूज कल्पित किल्ल्याला, अशी अदलाबदल तो बेधडक करितो. नायमेगेन येथील फाल्कहॉफ हा जुना राजवाडा १७९६-९७ मध्यें पाडून टाकण्यांत आला. तो पूर्वीं कसा होता हें पाहण्यास लोक व्हान गोयेनकडे जातात, आणि त्याच्या निरनिराळ्या चित्रांचा परस्परांशीं मेळ घालतांना गोंधळून जातात. मोजणीखात्याच्या नकाशास ही गोष्ट लांच्छन आणील. परंतु चित्राला आणील काय?

आमचें उत्तर असें. व्हान गोयेनची प्रतिज्ञा मनोऱ्याशीं नव्हती, हवेशीं होती. मनोरा हलविला तरी त्या मनोऱ्यापर्यंत पोहोंचणारी हवा त्यानें हलविली नाहीं. पाणी जेथें संपतें तेथें किनारा कसा विरतो, पुढची होडी काळी असेल तर मागची किती करडी असावी, ढगाची सावली कुरणावर पडली म्हणजे तिच्यापलीकडची पट्टी कशी उजळते, या बाबतींत त्यानें लबाडी केलेली दिसत नाहीं. कारण या गोष्टी त्यानें शेंकडों वेळां उघड्यावर पाहून ठेविल्या होत्या. वस्तूंच्या जागेचें सत्य एक आणि वस्तूंमधील संबंधाचें सत्य एक. पहिलें हलकें नाहीं. तें गांवाच्या इतिहासकारास हवें असतें. पण चित्र ज्यामुळें चित्र होतें तें दुसरें सत्य होय, आणि तें स्थळावर बसून राहिल्यानें आपोआप हातीं येत नाहीं. कित्येकदां स्थळच त्याच्या आड येतें. समोर पन्नास वस्तु ओरडत असतात. कोणाचें ऐकावें हें डोळ्यास सुचत नाहीं. घरीं आल्यावर पंचेचाळीस गप्प होतात. जीं पांच उरतात त्यांचें चित्र होतें.

व्हान गोयेनच्या पुढच्या पिढींतील सामुएल व्हान होखस्ट्राटन या चित्रकारानें १६७८ सालीं छापलेल्या ग्रंथांत एक गोष्ट दिली आहे. क्निपबर्गेन, व्हान गोयेन आणि पोर्सेलिस या तिघांनीं पैज लाविली कीं, एका दिवसांत उत्तम चित्र कोण करतो तें पाहावें. क्निपबर्गेनचा हात इतका बसलेला कीं, लिहावें तसें त्यानें भराभर रंगविलें. व्हान गोयेननें सबंध फळी कोठें गडद, कोठें फिकी अशी माखून टाकली आणि मग त्या गोंधळांतून होड्या, घाट, झोंपड्या शोधून बाहेर काढल्या. पोर्सेलिस मात्र बराच वेळ नुसता विचार करीत बसला. चित्र आधीं मनांत पुरें केलें, मग फळीवर उतरविलें, आणि जाणत्यांनीं त्यालाच पहिला मान दिला. गोष्ट अक्षरशः घडली असो वा नसो, तिचें तात्पर्य आमच्या पक्षाचें आहे. निवाडा करणाऱ्यांना त्या तिघांपैकीं कोणीही खिडकींतून बाहेर पाहिलें नाहीं याचें कांहींच वाटलें नाहीं. व्हान गोयेनपुरतें बोलावयाचें तर, माखलेल्या फळींत ज्याला होडी सांपडते त्यानें आधीं हजार होड्या पाहिलेल्या असतात. ज्यानें त्या पाहिल्या नाहींत त्याला त्या फळींत डागच दिसतील.

हा एकट्या व्हान गोयेनचा विक्षिप्तपणा होता असें कोणी म्हणूं नये. पाण्यावर जाऊन काम करणाऱ्या डच चित्रकारांत सर्वांत धाडसी म्हणजे विलेम व्हान डे वेल्डे, वडील. हा लहानशा गलबतांतून थेट आरमारी लढायांत जात असे. १६५३ ची स्खेव्हेनिंगेनसमोरची लढाई, १६५८ ची साउंडच्या सामुद्रधुनींतील लढाई, १६६६ ची चार दिवस चाललेली लढाई, यांस तो कागद घेऊन हजर होता. तोफांच्या धुरांत त्यानें लांबलचक पट्ट्यांवर जहाजांच्या रांगा टिपल्या, आणि कांहीं चित्रांत आपलें गलबत व त्यांत बसलेला आपण स्वतः, हेंही दाखविण्यास तो विसरला नाहीं. पुढें तो आपल्या चित्रकार मुलासह इंग्लंडास गेला. १६७४ सालीं दुसऱ्या चार्ल्स राजानें बापलेकांस दरसाल शंभर शंभर पौंडांचें वेतन बांधून दिलें. त्या हुकमाची वाटणी ध्यानांत धरण्याजोगी आहे: बापानें सागरी लढायांचीं रेखाटनें करावीं आणि मुलानें त्यांस रंगरूप द्यावें. कामाची जागा म्हणून ग्रिनिच येथील राणीच्या प्रासादांत त्यांस दालन मिळालें. नावेंतलें पाहणें आणि खोलींतलें रंगविणें हीं एकाच उद्योगाचीं दोन अंगें आहेत, हें एका राजाच्या हिशेबनिसासही कळत होतें.

लुडोल्फ बाखुइझेन याच्याविषयीं चरित्रकार हौब्राकेन असें सांगतो कीं, वादळ उठलें म्हणजे हा नावाड्यांस पैसे देऊन होडींतून समुद्राच्या तोंडाशीं जाई, लाटा पाही, आणि परत येतांच वाटेंत कोणाशीं एक शब्द न बोलतां घर गांठून चित्रास बसे. हा न बोलणाराच आमचा खरा आदर्श होय. पाहिलेलें सांडूं नये म्हणून तो ओठ मिटून घरीं येतो. आजचा हौशी मनुष्य असल्या प्रसंगीं मोबाईलवर चाळीस छायाचित्रें घेतो, किनाऱ्यावरूनच तीं सर्व आप्तेष्टांस पाठवितो आणि घरीं पोहोंचेपर्यंत रिकामा झालेला असतो.

आतां फ्रेंचांकडे वळूं. आम्हांस त्यांची थोरवी कमी करावयाची नाहीं. त्यांच्या भक्तांची भ्रांति तेवढी कमी करावयाची आहे. दोबिन्यी यानें १८५७ सालीं एक होडी चित्रशाळेसारखी सजविली आणि तो नद्यांतून हिंडला, हें खरें. मोने यानेंही अर्जांतय येथें तशीच होडी ठेविली, आणि १८७४ सालीं माने यानें तिच्यांत बसून रंगविणाऱ्या मोनेचें चित्र काढलें, हेंही खरें. परंतु हाच मोने रुआँच्या कॅथीड्रलचीं जगप्रसिद्ध चित्रें १८९२-९३ मध्यें समोरच्या घरांच्या खिडक्यांतून रंगवितो, मग तीं जिव्हेर्नीस आपल्या चित्रशाळेंत नेऊन महिनोन्महिने त्यांवर काम करितो आणि त्यांवर १८९४ हें साल घालतो. उघड्यावरील चित्रणाचा जो मुख्य देव मानला जातो त्याचा हा आचार! भक्तांचें सोवळें देवापेक्षां अधिक कडक असतें, याचा अनुभव आम्हांस इतरत्रही आहेच.

शिवाय मोनेला वाट कोणी दाखविली? योहान बार्टोल्ड योंगकिंड या डच माणसानें. हा १८१९ सालीं जन्मला, हेग येथें शिकला, १८४६ मध्यें पॅरिसला गेला. १८६२ सालीं समुद्रकांठीं त्याची व मोनेची गांठ पडली, आणि आपल्या डोळ्यास खरें वळण योंगकिंडनें लाविलें असें मोनेनें १९०० सालीं स्वतः सांगितलें. हा गुरु काय करीत असे? उघड्यावर बसून जलरंगांत झपाट्यानें टिपणें करी, आणि त्या टिपणांवरून तैलचित्रें घरीं रंगवी. म्हणजे व्हान गोयेनचीच रीत. दोनशें वर्षांत खडूच्या जागीं जलरंग आला, इतकाच फरक. नळीबद्दलही सांगावयाचें तर, ती निघण्यापूर्वीं रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून नेत, आणि त्या पिशव्या घेऊन कॉन्स्टेबल हा १८२१-२२ मध्यें लंडनजवळच्या हॅम्पस्टेड टेकडीवर ढगांचीं तैलचित्रें करीत होता व कित्येकांच्या पाठीवर दिवस, वेळ आणि वारा लिहून ठेवीत होता. नळीनें सोय झाली, यांत संशय नाहीं. पण सोयीला दृष्टि म्हणणें म्हणजे बोरूच्या जागीं टांक आला म्हणून काव्य जन्मास आलें असें म्हणणें आहे.

एका दुसऱ्या पक्षाचाही परामर्श येथें घेतला पाहिजे. आमच्यासारखे जे इंग्रजी ग्रंथांवर वाढले त्यांच्या मनांत डच चित्रकारांविषयीं एक तुच्छता रस्किनकडून आलेली आहे. १८४३ सालीं निघालेल्या आपल्या 'मॉडर्न पेंटर्स'च्या पहिल्या खंडांत त्यानें या डच मंडळींच्या नांवांचीच टवाळी केली आणि टर्नरच्या पायांशीं त्यांचा बळी दिला. पण खुद्द टर्नरला ही अवज्ञा मान्य नव्हती. धाकट्या विलेम व्हान डे वेल्डेच्या एका सागरचित्राची जोड म्हणून त्यानें ब्रिजवॉटरच्या ड्यूकसाठीं वादळांतल्या डच होड्यांचें मोठें चित्र रंगविलें व १८०१ सालीं तें प्रदर्शनांत ठेविलें. ज्याच्याशीं बरोबरी करून दाखवावयाची असते त्याला कोणी तुच्छ मानीत नाहीं. शिष्याच्या वकिलानें गुरूची निंदा करावी, असा हा प्रकार झाला.

या पक्षाचा मूळ आक्षेप विषयाचा आहे: 'चिखल, गुरें आणि तरीवाले यांत काय पाहावयाचें?' रविवर्म्याच्या छापील चित्रांवर वाढलेल्या आमच्या घरांत हा प्रश्न साहजिक आहे; तेथें चित्र म्हणजे कोणत्या तरी कथेचा प्रसंग. व्हान गोयेनच्या चित्रांत कथा नाहीं, नायक नाहीं, देव नाहीं. पण ज्या लोकांनीं आपली भूमि समुद्राच्या तोंडांतून काढली त्यांना त्या भूमीची एक ओली पट्टी आकाशाखालीं टिकून आहे, तिच्यावरून चार माणसें नेहमींप्रमाणें पैलतीरीं जात आहेत, हा देखावा लहान वाटला नसावा. एवढें टिकलें आहे, हीच तेथें कथा आहे.

आणि हा देखावा विकत कोण घेई? राजे नव्हेत. दुकानदार, कारागीर, वकील, नावांचे मालक. अर्थशास्त्रज्ञ जॉन मायकेल माँटियास यानें १९८७ सालीं असें मांडलें कीं, थोड्या रंगांत भराभर रंगविण्याची ही रीत म्हणजे चित्राचा खर्च उतरविण्याचीही युक्ति होती. कांहीं रसिकांस यामुळें व्हान गोयेन हलका वाटूं लागतो. आम्हांस तो जवळचा वाटतो. त्यानें बाराशेंच्या आसपास चित्रें केलीं आणि तीं मध्यम स्थितीच्या भिंतींवर गेलीं. आमच्यासारख्यांची कला ती हीच. त्याला स्वतःला यांतून संपत्ति लाभली नाहीं. चित्रविक्रीबरोबर त्यानें घरांचे व्यवहार केले, आणि १६३७ च्या आरंभीं ट्यूलिपच्या कंदांचा बाजार कोसळण्याच्या ऐन तोंडावर हेगच्या एका नगराध्यक्षाकडून कंद विकत घेतले. मेला तेव्हां अठरा हजार गिल्डरांचें कर्ज मागें ठेवून मेला. बाजार पाहण्यांत त्याचा डोळा चुकला; आकाश पाहण्यांत चुकला नाहीं.

या सर्वांचा आज आम्हांशीं संबंध काय, तो आतां सांगतों. वाईच्या किंवा नाशिकच्या घाटावर मुलांस चित्रें काढण्यास नेण्याची आमच्याकडील चाल उत्तम आहे आणि ती राहिली पाहिजे. परंतु तेथें मुलास जें सांगितलें जातें तें आम्हांस मान्य नाहीं. दोन-तीन तासांत पुरें चित्र दे. देवळाचा कळस जागच्या जागीं असूं दे. उठून गेलास कीं संपलें! याचा परिणाम असा होतो कीं, मुलगा पाहणें सोडून पुरें करण्याच्या मागें लागतो. घाटाच्या सगळ्या पायऱ्या मोजून येतात, आणि पाण्यावरचा उजेड तेवढा राहून जातो. उलट, घरीं बसणारा दुसरा मुलगा मोबाईलवरील छायाचित्र समोर ठेवून त्याची नक्कल करितो व तिला निसर्गचित्र म्हणतो. एकानें आठवणीस वाव ठेविला नाहीं. दुसऱ्यानें आठवण्यासारखें कांहीं पाहिलेंच नाहीं. वरवर परस्परविरुद्ध दिसणारे हे दोन दोष आम्हांस एकाच घरचे वाटतात.

आमची मागणी साधी आहे. मुलाच्या हातीं खडू आणि लहान वही द्यावी व त्याला घाटावर, खाडींत, तरीवर, जेथें पाणी असेल तेथें पाठवावें. पंचवीस पानें भरूं द्यावीं. एकही पान पुरें झालें नाहीं म्हणून रागावूं नये. मग आठ दिवसांनीं बंद खोलींत, छायाचित्रावांचून, त्या वहीच्या आधारानें त्याला एक चित्र रंगवावयास सांगावें. परीक्षकांनीं कळस जागेवर आहे कीं नाहीं हें विचारण्यापूर्वीं त्या कळसापर्यंत हवा पोहोंचली आहे कीं नाहीं तें पाहावें. आणि आम्ही पालकांनीं 'हें तूं तेथेंच बसून काढलेंस काय?' हा प्रश्न सोडून 'तेथें तूं काय पाहिलेंस?' हा प्रश्न विचारावयास शिकावें. पहिल्या प्रश्नाला होय किंवा नाहीं एवढेंच उत्तर असतें. दुसऱ्याला चित्र हेंच उत्तर असतें.

उघड्यावर जाणें हा कलेचा आरंभ आहे, आणि त्यावांचून निसर्गचित्र नाहीं, हें आम्ही कोणाहूनही कमी मानीत नाहीं. पण आरंभालाच शेवट समजणाऱ्यांनीं या वलंदेजाचा क्रम नीट पाहावा: आधीं नाव, मग वही, मग दार लावून घेतलेली खोली. त्या खोलींतून तीनशें सत्तर वर्षांपूर्वींची ओली हवा अजून बाहेर येत आहे. ती नावेंतच वापरून संपविली असती, तर आज आमच्यापर्यंत कांहींच पोहोंचलें नसतें.